टीव्हीला सांगितलं

लोकांना आता प्रायव्हसीची काही पडलेली नाही म्हणतोस? अरे, आम्ही नवराबायकोने ती जिवापाड जपली होती!

आम्हाला वेगळं घर घ्यायचं होतं, पण आईला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून फ्लॅट शोधायचे ते फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर, तेही लगेच हिस्टरी पुसून. स्वातीशी बोलायचं तर वडाळे तलावाला चक्कर मारताना.

आणि एका रविवारी आम्ही तिघं पोहे खात बसलो होतो, तर टीव्हीवर जाहिरात आली, 'कामोठ्यात वन बीएचके, लगेच ताबा!' ती संपते तोच दुसरी, तीही कामोठ्याचीच. स्वातीला ठसका लागला. मी चॅनल बदलायला रिमोट शोधतोय, तर तो आईच्या मांडीवर.

"राहू दे, बघू दे मला," आई म्हणाली.

मी सारवासारव केली. "आई, हल्ली हे लोक आपलं बोलणं चोरून ऐकतात गं. काहीही दाखवतात."

"चोरून कशाला? मीच रोज सांगते की! हे माइकचं बटण दाबायचं आणि म्हणायचं, कामोठ्यात घर दाखव. मावशी राहते ना तिथे."

"म्हणजे तुला वेगळं राहायचंय?"

"मग! किती वर्षं तुमच्या क्रिकेटमधून माझ्या मालिका बघायच्या?"

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! स्वातीने तर आईच्या ताटलीत न विचारता आणखी पोहे वाढले.

मी म्हटलं, "अगं, मग आम्हाला सांगायचंस ना!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं रे. टीव्हीला काय वाटायचंय?"