दाखवायचे खांब

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, तिचा एक पाय हलतो — ह्या पोत्यांवर बसा. सिमेंट आहे, चांगलं आहे, माझ्या वापरातलं. ठेकेदार साहेब येतीलच, सरकारी तपासणी म्हटल्यावर कुठं जातात — पिवळी टोपी आणायला गेलेत, फोटोसाठी. मी? मी क्यूबमामा. मुकादम, गवंडी, ट्रकवाले, सगळे मामाच म्हणतात, खरं नाव मलाही हजेरीच्या वेळीच आठवतं. अकरा वर्षं एकच काम — क्यूब भरायचे. म्हणजे काँक्रीटचे ठोकळे हो, वीतभराचे, तुम्ही लॅबमध्ये मशीनखाली घालून फोडता आणि त्यावरून इमारत पक्की की कच्ची ठरवता, तेच. इतक्या इमारती झाल्या, माझा एक ठोकळा नापास नाही. विचारा लॅबमध्ये.

कसं करतो? आता तुम्ही शिकलेल्या, तुमच्यापुढं मी काय सांगायचं — पण सांगतो. वाळू तीनदा धुवायची, हात घातला तर पाणी गढूळ होता कामा नये. खडी चाळून घ्यायची, चपटी दिसली की फेकून. साच्याला आतून तेल, आणि भरताना पस्तीस ठोके — चौतीस नाही, छत्तीस नाही. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा तो बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडावं तसा, हळू. मग अठ्ठावीस दिवस टाकीत. बायको म्हणायची, पोटच्या पोरीला कधी एवढं न्हाऊमाखू घातलं नाहीत. खरंच होतं तिचं.

स्लॅबचा माल? छे, तो वेगळा. तो मिक्सरमधून येतो, त्याचं आणि माझं काही देणंघेणं नाही. क्यूबचा माल मी मागच्या शेडमध्ये स्वतः कालवतो. हां, नियम तसा आहे — स्लॅब ओतताना त्यातलाच माल उचलायचा, तोही खात्याच्या माणसासमोर. असतो की माणूस. येतो, शेडमध्ये पंख्याखाली बसतो, चिठ्ठीवर सही करतो, चिठ्ठी मी ओल्या ठोकळ्यावर चिकटवतो — झालं समोर. मामा, हा माल कुठला, असं त्यानं आजवर विचारलेलं नाही. तुम्हीच पहिल्या.

आणि नुसते ठोकळेच नाहीत हं, दोन खांबही मीच भरलेत. पुढच्या दालनातले, दाराच्या दोन्ही अंगांचे. तुम्ही लोक ते मशीन आणता ना, खांबातून गोल तुकडा काढायचं — त्यासाठी. आम्ही त्यांना दाखवायचे खांब म्हणतो. तुम्हाला शोधायचा त्रास नको म्हणून सकाळीच फुल्या मारून ठेवल्यात. आधीच्या इमारतींवरही जो आला त्यानं फुलीवरच मशीन लावलं, एकानं तर माझी पाठ थोपटली. बाकीचे खांब? आहेत की. उभे आहेत. उभं राहायला काय लागतं — मीही उभा आहे, साठी उलटली, गुडघ्यात काही उरलं नाही.

शाळेची इमारत आहे, माहितीय मला — माहिती नसायला काय झालं? सोमवारपासून पोरं येणार. माझी नात तिसरीत आहे. इतके दिवस पत्र्याच्या शाळेत होती, उन्हाचं भाजायचं, पण पत्रा डोक्यात पडला तर खोक पडते, टाके घालता येतात. ती शाळा आता मोडणार. मुलीला म्हटलं, पोरीला लांबच्या शाळेत घाल. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बांधलेली शाळा दारात असताना लांब कशाला? नात तर वर्गभर सांगून बसलीय, आमच्या आजोबांनी बांधली म्हणून. मुलीला एवढंच म्हटलं, लांबच्या शाळेतला अभ्यास चांगला असतो. भीती वाटते हो मॅडम. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाटतेय, आणि तीसुद्धा एका पोरीपुरतीच — ह्याची लाज वाटते ती वेगळी.

हे तुम्ही लिहून घेताय? लिहू नका. मी ठोकळ्यांचं सांगत होतो, ठोकळ्यांचंच लिहा — वाळू तीनदा धुतो, ते लिहा.

उठलात का? साहेब येईपर्यंत थांबा की. आणि इकडं कुठं — फुल्या पुढं आहेत, इकडं वर्ग आहेत. तो तिसरीचा, जिन्याला लागून. त्यातला खिडकीजवळचा खांब — त्याला गिलावा दोनदा केलाय. का ते मला विचारू नका, आत काय आहे ते झाकायलाच करतात गिलावा. नाही, उघडणार नाही तो वर्ग, कुलूप आहे. किल्ली कुणाला द्यायची नाही, अशी सक्त ताकीद आहे.

घ्या.

तुमच्या मशीनवाल्याला आत बोलवा आणि कडी लावून घ्या. साहेबांनी विचारलं तर दार उघडंच होतं. जा आता. आणि ह्यापुढं माझ्याशी बोलू नका.