लाल टिपका

—नाई नाई ताई, बटण दाबू नका, आधी मले पाहू द्या. मशीन पाच स्पीकरची, अन् तुम्हाले दोनच लावून गाणे ऐकाचे, एवढंच ना? सोपं हाये. बाकीचे तीन मेनूतून बंद कराचे, स्टिरिओवर टाकाचं, झालं. पण एक विचारू? हे सामान आणलं कुठून? सहजच हो. गेल्या साली एकजण शेजाऱ्याचा टीव्ही मले विकाले आला — अन् शेजारी त्याच्याच मागं उभा, रिमोट घ्याले आलेला! तवापासून विचारतो. हा वायरवरचा लाल टिपका दिसला? आमच्या बायकोचं नेलपॉलिश हाये. मी सिस्टिम बसवली की प्लसच्या तारेले टिपका लावतो, उभ्या वर्ध्यात दुसरा कोणी लावत नाई. अन् ही मशीन हिंगणीच्या प्रभाकरराव मास्तरांची. मास्तर बायको सोडतील, मशीन नाई सोडणार. मंग तुमच्याजवळ कशी?

मुलगी? मास्तरांची? बसा ना मंग, उभ्या काऊन! ते बायकोचं आईले सांगू नका बरं. पण मास्तरांनी दिलीच कशी? ऐकणं सोडलं? हां, तीनदा फोन आलता मले — मोतीलाल, गाणारा दोन स्पीकरच्या मधात उभाच राहत नाई, ढोलक पातळ वाटते. मी म्हटलं, मास्तर, मशीन एक नंबर हाये, तुमचे कान थकले, सावंगीच्या दवाखान्यात जाऊन तपासा. तपासले? चांगले निघाले? अन् मंग... डोक्यातच बिघाड झाला म्हणतात? स्वतःच्या?

थांबा, लावून पाहू. डावा एकटा — ठीक. उजवा एकटा — ठीक. आता दोन्ही... हे काय? आवाज दोन्हीकडं फाटून राह्यला. तुम्हीच वायर उलटी लावली असान! नाई? टिपका पाहूनच लावली, जशी घरी होती तशी? चष्मा कुठं गेला माझा... ही वायरवरची रेघ पाहा, एकाच तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. या टोकाले टिपका रेघेच्या तारेवर हाये. अन् त्या टोकाले...

त्या टोकाले बिनरेघेच्या.

उलटवतो. ऐका आता. आला ना गाणारा मधात? ढोलक बी आला. मास्तरांनी ऐकणं सोडून किती वर्षं झाले म्हणता? चार?

ताई, मास्तरांले सांगजा, मशीन बिघडली होती, मोतीलालनं दुरुस्त केली. नाई — काहीच सांगू नका. उचलू नका ते, राहू द्या इथंच. मी घेऊन येतो हिंगणीले, मीच. तुम्ही जा आता. जा म्हटलं ना.