साहित्य लिहिलेलं खोकं

जबाब देणारी: सभागृहाची झाडूवाली. वय एकवीस. शिक्षण चौथी. काम झाडलोट आणि फरशी पुसणे. राहणार सभागृहाच्याच मागे, पंपाला लागून असलेली खोली.

पोलीस ठाण्यात समोर बसवून विचारलं म्हणून सांगते की, वरच्या पत्त्यावर मी, नवरा, सासू आणि माझी साडेचार महिन्यांची मुलगी असे राहतो. मुलीला घरात ठमी म्हणतात. नवरा ट्रकवर असतो, तो गुरुवारी येईल. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. म्हणून ठमीला बघायला घरी कोणी नाही.

आमच्या सभागृहात परवापासून साहित्य उत्सव चालू आहे. पहिल्या दिवशी सकाळी उत्सवाचे सेक्रेटरी मला म्हणाले, "तीन दिवस बाहेरचे मोठमोठे लेखक येणार. पोर रडलेलं कानावर आलं तर मी दुसरी बाई बघेन." मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "आणि तुझं ते साहित्य स्टेजमागच्या पायऱ्यांखाली सरकव. खोक्यावर लिहून ठेव, नाहीतर मदतीला आलेल्या कॉलेजच्या पोरी कचऱ्यात टाकतील." साहित्य म्हणजे झाडू, बादली, फिनेल, फडकी. आमच्या कामात त्यालाच साहित्य म्हणतात. आमच्या हजेरीच्या वहीतही तसंच आहे.

मला लिहायची सवय राहिलेली नाही. स्टेजवर मागच्या पडद्यावर 'साहित्य उत्सव' असं हातभर अक्षरात लिहिलं आहे. स्टुलावर चढून जाळी काढताना मी त्यातलं पहिलं अक्षर, मग दुसरं, असं बघून घेतलं आणि खडूने माझ्या खोक्यावर काढलं. अक्षर चांगलं आलं.

ठमीला मी पुस्तकांच्या रिकाम्या खोक्यात ठेवत होते. खाली गोधडी, वरचे पुठ्ठे कापलेले, डास बसू नये म्हणून पातळ फडकं. खोकं पायऱ्यांखालीच होतं. कोणी हात लावू नये म्हणून त्याच्यावरही मी साहित्य लिहिलं. दोन्ही बाजूंना लिहिलं. दोन दिवस कोणी हात लावला नाही. ती रडलीही नाही. गुणाची आहे.

आज दुपारी पावणेचारला तिला पाजून झोपवलं. चारला मोठ्या लेखकसाहेबांच्या नव्या पुस्तकाचा कार्यक्रम सुरू झाला. माइकपाशी पाणी सांडलं म्हणून मला स्टेजच्या कडेला बोलावलं. साहेब बोलत होते की पुस्तक लिहिणं म्हणजे बाळंतपण असतं, मी नऊ वर्षं कळा सोसल्या. लोक माना हलवत होते. मला वाटलं विचारावं, टाके किती पडले. मला हसू आलं. सेक्रेटरींनी डोळे वटारले म्हणून मी फरशीकडे बघून पुसलं.

सव्वाचारला मी पायऱ्यांखाली गेले. झाडू होते, बादली होती. ठमीचं खोकं नव्हतं.

मी आत हात घालून पाहिलं. बादलीतही पाहिलं. बादलीत का पाहिलं ते मला सांगता येत नाही.

मी धावत फाटकापाशी गेले. तिथे बंदोबस्ताचे हवालदार होते. सेक्रेटरीही तिथेच पाहुण्यांच्या गाडीपाशी उभे होते. त्यांना बघून माझी जीभच वळेना. मी म्हटलं, "साहेब, माझं साहित्य नेलं."

हवालदार म्हणाले, "आज इथे ज्याला त्याला हेच वाटतंय. कालपासून तिसरी तक्रार. कविता का?"

मी म्हटलं, "खोक्यात होतं."

"किती पानं?"

मी म्हटलं, "साडेचार महिन्यांची आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शिट्टी वाजवत आत पळाले. मी मागे पळाले.

आम्ही दारात पोचलो तेव्हा स्टेजवर टेबलाभोवती सगळे उभे होते. टेबलावर ठमीचं खोकं होतं. नंतर कळलं की कॉलेजच्या दोघी मुलींना सेक्रेटरींनीच सांगितलं होतं, मागचं साहित्य लिहिलेलं खोकं आणा, नवी पुस्तकं त्यात आहेत. त्या दोघींनी जपून, आडवं न करता आणलं. त्यांची चूक नाही. माइकवरच्या बाई म्हणाल्या, "आता सरांच्या नव्या अपत्याचं दर्शन घेऊया," आणि साहेबांनी फडकं उचललं.

टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं मुद्दाम ठरवून केलंय. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. साहेबांनी तिला बाहेर काढलं, पण धरता येत नव्हतं. ते माइकमध्ये म्हणाले, "हे माझं नाही."

पहिल्या रांगेतून त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "ते दिसतंय मला. आधी मानेखाली हात घाला."

मी खुर्च्यांमधून वर गेले. हातात ओलं फडकं तसंच होतं. ठमी रडत नव्हती, साहेबांच्या चष्म्याची काडी तोंडात घालून चोखत होती. त्यांच्या भाषणाचे कागद तिने ओले केले होते. मी माफी मागितली. ते हळूच म्हणाले, "बरं झालं. अजून अकरा पानं होती." मी मुलीला घेतलं.

पाच वाजता सेक्रेटरींनी इथे लेखी अर्ज दिला की मी कार्यक्रम उधळायला मूल मुद्दाम स्टेजवर टाकलं, मला कामावरून आणि खोलीतून काढावं, आणि मूल उघड्यावर टाकल्याचा गुन्हा नोंदवावा. मी विचारलं, मूल काढून घेतात का? इथल्या ताईंनी तेही लिहून घेतलं. म्हणून सांगते, मी मुलीला टाकलेलं नाही. जपायला ठेवलं होतं.

कॉलेजच्या दोघी, लेखकसाहेब आणि त्यांच्या बाईसाहेब यांनाही साक्षीला इथे बोलावलं होतं. खोक्यावर कोणी लिहिलं असं विचारलं तेव्हा कॉलेजच्या दोघी रडायला लागल्या. मी सांगितलं, अक्षर माझं आहे. खात्रीसाठी ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मला कागदावर साहित्य लिहायला लावलं. मी लिहिलं. सेक्रेटरी वाकून बघत होते. म्हणाले, "बघा, शुद्ध लिहितासुद्धा येत नाही. 'ह'ला दुसरी वेलांटी हवी."

मी म्हटलं, "पडद्यावर पहिली आहे. मी तीन दिवस त्याच्याखाली झाडतेय."

लेखकसाहेबांच्या बाईसाहेब बाकावर ठमीला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिलीच." लेखकसाहेब म्हणाले, "पहिली." मग ठाण्याच्या साहेबांनी सेक्रेटरींचा अर्ज पुढे ओढला आणि बोट ठेवून मोजलं. अर्जात साहित्य हा शब्द सात वेळा होता. सातही वेळा दुसरी.

सेक्रेटरी म्हणाले, "घाईत लिहिला. दुरुस्त करून आणतो." अर्ज घेऊन गेले त्याला आता दीड तास झाला. अजून आलेले नाहीत.

माझी कोणावर तक्रार नाही. ठमीला भूक लागली आहे.

हे सगळं मी बोलले तसंच लिहिलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी मोठ्याने वाचलं, ते मी ऐकलं. नंतर कागद हातात घेऊन स्वतःही बघितला. वेलांट्या बरोबर आहेत. म्हणून अंगठा न लावता सही करते.