पाटल्यांच्या पैशाची म्हैस

सोन्याच्या भावाचं सोडा बाप्पा, आमच्या नेरच्या मावशीचं ऐका. कापूस इकल्यावर मावसाजीनं तिच्या हातात पैसे देल्ले अन् म्हनलं, "जाय, सोन्याच्या पाटल्या घेऊन ये."

संध्याकाळी मावशी म्हैस घेऊन दारात हजर!

मावसाजी तं पाहातच राह्यले. "काय वं, सराफाच्या दुकानात म्हैस भेटली काय?"

"पाटल्या आनल्या असत्या तं पेरणीच्या टायमाले तुमीच मोडल्या असत्या. मांगच्या तशाच गेल्या ना?"

मावसाजीनं म्हशीचं दावं हातात घेतलं अन् तिले खुंट्याले बांधलं.

तवापासून दुधाच्या पैशावर घर चालते, बी-बियाणं बी त्यातूनच येते. यंदा मावसाजी मोठ्या हौसेनं दुसरी म्हैस घ्याले निघाले. मावशीनं दोन्ही हात पुढं केले.

"म्हैस राहू द्या. आता पाटल्या घ्या. आता मोडाची पाळी येत नाही."