कपाटाची साक्षीदार

मी मूळचा राजुरीचा, पण उमर गेली ओतूरला. आधी शाळेत शिपाई व्हतो, परीक्षेच्या पेपरांची पाकिटं सांभाळायचो. लाखेचं सील, साक्षीदार, सह्या, मगच पाकीट फुटायचं. तिथून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आलो आन् पेशंटांची कार्डं माझ्या ताब्यात आली. पुढं कॉम्प्युटर आला, सगळं त्यात चढलं, पासवर्ड लागला, जुनी कार्डं कपाटात गेली. बाई म्हणल्या, हे कुणी चाळायचं न्हाई. मी कपाटाला शाळेसारखी लाख लावली. साक्षीदाराबिगर उघडणं न्हाई.

लोक हसले. पण काय सांगू तुमाला, गावात सोयरीक निघाली की पावणं गोड बोलत यायचं, पोरीला मागं टीबी झाला व्हता का, एवढं बघा की राव.

एकदा भर दुपारी लाइट वरखाली झाली आन् कॉम्प्युटर बसला. त्याच घटकेला शेजाऱ्यांनी गणपतरावाला आणलं, तापानं बेशुद्ध. बाईंनी इंजेक्शन भरलं आन् थबकल्या. म्हणल्या, ह्याला मागं कुठल्यातरी औषधानं अंग सुजून दम लागला व्हता, नाव कार्डावर असंल, उघडा कपाट. मी म्हणलं, साक्षीदार. बाई कडाडल्या, माणूस चाललाय आन् तुमाला साक्षीदार सुचतोय?

बाकावरचे तात्या तेवढ्यात उठले, म्हणले, मला लिहितावाचता येतं, मी सही करतो. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत व्हतं, मला ठाऊक. मी म्हणलं, तात्या, आज शिकलेला माणूस नको. कोपऱ्यात हौसाबाई बसलेली, मेथी विकून पाय दाखवायला आलेली. तिला कपाटापुढं उभी केली. मी एकच कार्ड काढतो का, हे तिला दिसत व्हतं. बाकी अक्षरं म्हणजे तिला मुंग्याच. कार्डावर लाल शाईत पेनिसिलीन. सुईत तेच भरलेलं. बाईंनी ती सुई टाकली आन् दुसरं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी गणपतराव चहा मागायला लागला. हौसाबाईचा अंगठा त्याच दुपारी साक्षीच्या रजिस्टरात उठला व्हता.

तवापासून कॉम्प्युटर बसला की हौसाबाईला सांगावा. परवा आली तर म्हणाली, अंगठा नको, सही करते, नातीनं लिहायवाचायला शिकवलंय. मी म्हणलं, आज्जी, लई चांगलं झालं, पण माझा साक्षीदार गेला की.

तर ती म्हणाली, वाचता आलं म्हणून दुसऱ्याचं वाचायचं असतं व्हय रं?

सही वाकडीतिकडी आली. मी तिच्यासमोरच कपाटाला नवी लाख लावली. देव तिला लई वर्षं ठेवो. तात्यांनाबी ठेवो, पण बाकावरच.