कंदुरीचा बोकड

मंजुळाबाई : दावं सोड, देविदास. माणिकप्पा सुरा घेऊन मघापासून ओट्यावर बसून हाय. चाळीस माणूस जेवायला येऊन राहिलं.

देविदास : न्हाई सोडत, माय. बोकड कापायचा न्हाई. बळी एकदाच झाला, येशूनं स्वतःचा दिला. आता दुसऱ्या कुणाचा लागत न्हाई.

मंजुळाबाई : नवस काय तुझ्या येशूला विचारून केला व्हता म्या? ‘पोराची दारू सुटू दे, बोकड कापून गावाला कंदुरीचं जेवण घालीन,’ असं देवीला बोलले. आठ महिने झाले सुटून. तिचं तिला द्यायला नको?

देविदास : देवीनं न्हाई सोडवली. हिमायतनगरच्या प्रार्थनेत म्या सगळं प्रभूच्या स्वाधीन केलं, तवा सुटली.

मंजुळाबाई : सगळं म्हंजी काय रे? शेत ही तुझी बायको राजकन्या करती, म्हशी म्या बघते. तुझ्याजवळ व्हतं काय द्यायला? अर्धी क्वार्टर?

राजकन्या : तीबी संपवूनच गेले व्हते, आत्याबाई.

देविदास : हस तू. पण म्या आता मोकळा हाय.

मंजुळाबाई : मोकळा! आधी बाटली म्हणंल तिकडं जायचास, आता पास्टर म्हणंल तिकडं जातोस. अन् वर आम्हाला त्याग शिकवतोस.

राजकन्या : त्यागाचं मला विचारा. अकरा वरीस ह्या घरात रोज एक बोकड कापला जायचा, अन् सकाळी उठून त्यानंच भाकरी थापायच्या. त्याची कंदुरी कुणी घातली न्हाई.

देविदास : चुकलो म्हणलं ना. चारचौघांत साक्ष दिली म्या. रडलो.

राजकन्या : हाव, हिमायतनगरात. इथपर्यंत आवाज आला न्हाई मला.

मंजुळाबाई : तुमचं मागून भांडा. देविदास, एक सांग. बोकड न्हाई दिला, देवी कोपली अन् तू परत प्यायला लागलास तर? पास्टर लिहून देतो का?

देविदास : न्हाई.

मंजुळाबाई : येशू?

देविदास : त्योबी न्हाई. रोज सकाळी आजच्यापुरतं मागावं लागतंय. काल इस्लापूरच्या बाजारात दारूच्या दुकानापुढं पाय थांबलेच व्हते. लई भ्या वाटलं, माय.

मंजुळाबाई : भ्या वाटतंय तुला?

देविदास : रोज.

मंजुळाबाई : मग मोकळा मोकळा म्हणत काय बोंबलत फिरतोस, मेल्या! मला वाटलं, ह्या घरात मला एकटीलाच झोप न्हाई. बोकड दिला की भ्या जाईल, असं धरून बसले व्हते. तुझ्या तर देवानंच जीव दिला, तरी तुझं भ्या गेलं न्हाई.

(माणिकप्पा बाहेरून हाक मारतो.)

मंजुळाबाई : आज न्हाई, माणिकप्पा! जेवून जा, पण सुरा झाकून ठेव. राजकन्या, पाव्हण्यांना वरण-भात लाव. तोंडं वाकडी केली तर करू दे.

राजकन्या : अन् देवी?

मंजुळाबाई : तिला म्या सांगते. देविदास, सकाळी मागतोस ते बसून का उभं राहून?

देविदास : गुडघ्यावर, माय.

मंजुळाबाई : माझे गुडघे कुठं वाकतेत आता.

राजकन्या : बसून चालतंय, आत्याबाई. म्या अकरा वरीस चुलीपुढं बसूनच मागितलं.