न चमकणारी अंडी

(वारज्यातली एक प्रयोगशाळा. फळमाशांवर संशोधन करणाऱ्या श्यामला मॅडम आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी योगेश.)

श्यामला : आणि हा शोध आपण उद्या जगापुढे मांडणार होतात.

योगेश : हो मॅडम. पेपर तयार आहे. तुम्ही फक्त एकदा नजर...

श्यामला : वाचला. भाषा फार सुंदर. शेजारच्या चेतापेशीकडून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे जगायचा निरोप, आला नाही, तरी माशीच्या गर्भातल्या आधारपेशी ठणठणीत जगतात आणि चेतासंस्थेची शिडीसारखी जाळी, आपली ती शिडी, झकास बांधली जाते. इतकी वर्षं सगळे उलटं सांगत होते. वेडे बिचारे.

योगेश : मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी शिडी शाबूत.

श्यामला : असणारच. अंडी कशी निवडलीत?

योगेश : निळ्या दिव्याखाली. हिरवी चमकणारी उचलली, बाकीची टाकून दिली.

श्यामला : टाकून दिली. वा.

योगेश : काही चुकलं का?

श्यामला : छे, छे. अहो, इथे आपण चमक लावतो ती निरोगी गुणसूत्रावर. अंडं चमकलं, की समजायचं ह्याच्या घरात ग्रोथ फॅक्टर भरलेला आहे. ज्याच्याकडे तो नाही, ते काळं राहतं. उपासाचे परिणाम बघायला आपण पंगतीत जाऊन बसलात.

योगेश : म्हणजे माझं सगळं काम...

श्यामला : खरं काम कचऱ्याच्या डब्यात झालं. पीएचडी डब्यालाच द्यायला हवी.

योगेश : गावाकडं, उमरग्यात, फ्लेक्स लागलाय, मॅडम. 'मेंदूचे संशोधक'. माझा फोटो, चुलत्यांचा फोटो...

श्यामला : माशीचा नाही? खरा सत्कार तिचा व्हायला हवा.

योगेश : आई रोज विचारायली, कधी छापून येणार म्हणून. ह्याच्यावर माझी पुढची नोकरी होती.

श्यामला : मग आधी विचारायचं होतंत. चमकणारी उचलायचं कुणी सांगितलं आपल्याला?

योगेश : आधीच्या प्रयोगशाळेत तसंच होतं. तिथं चमक रोगी जनुकावर असायची.

श्यामला : आणि इथे कसं असतं, हे विचारायला तोंड नव्हतं?

योगेश : विचारलं होतं. आलो त्याच आठवड्यात.

श्यामला : कुणाला?

योगेश : तुम्हाला. ह्याच दारात उभा होतो. 'कुठली उचलायची, मॅडम?' तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'एवढंही कळत नसेल, तर स्वारगेटहून उमरग्याची गाडी सुटते.' सगळे हसले. मीपण हसलो.

श्यामला : म्हणाले असेन. मी सगळ्यांनाच म्हणते.

योगेश : म्हणून तर इथं कुणी काही विचारत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची पूर्णिमा पीएचडी सोडून गेली, तेव्हा घरची अडचण आहे असं तुम्हाला सांगितलं तिनं. कसली अडचण नव्हती.

श्यामला : म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

योगेश : नाही. अंडी मीच टाकली. पण शेजारणीचा शब्द पोचला नाही तर पेशी मरते, आणि मरताना आवाजही करत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. मला ते फार आवडलं होतं. म्हणून तुमच्याकडं आलो.

श्यामला : झालं भाषण?

योगेश : झालं. निघतो. सामान आवरायचंय.

श्यामला : उमरग्याच्या गाड्या काही पळून जात नाहीत. आजची अंडी कुठे आहेत?

योगेश : बशीत. निवडायची राहिलीत.

श्यामला : आण इकडे. खुर्चीही आण. तिथे नाही, इथे. माझ्या शेजारी.

योगेश : काळी ह्या दिव्यात दिसतच नाहीत, मॅडम.

श्यामला : मग विचार.

योगेश : कशी शोधायची?

श्यामला : चमकणारी आधी बाजूला काढ. मग साधा दिवा लाव. उरलेली दिसतात सगळी.